घरातील सुतारकाम आणि धुळीचे नियोजन : सोलापुरातील हौशी कारागिरांसाठी प्रश्नोत्तरे

घराच्या पडवीत, गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत किंवा गाडी लावण्याच्या जागेत हौसेने सुतारकाम करणाऱ्यांना धुळीविषयी पडणारे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे लिहिताना साधारण १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि १० फूट उंच खोली, घरगुती सिंगल फेज वीज आणि सोलापूरची कोरडी, उष्ण हवा गृहीत धरली आहे. या शेवटच्या गोष्टीमुळे काही सल्ले थंड देशांतील कारागिरांना मिळणाऱ्या सल्ल्यांच्या अगदी उलट आहेत.

भुसा रोज झाडून काढला जातो. मग वेगळी यंत्रणा कशासाठी?

झाडून जे निघते ते डोळ्यांना दिसणारे असते आणि आरोग्याच्या दृष्टीने तोच सर्वांत कमी त्रासाचा भाग आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. करवतीखाली पडणारा भुसा केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो लगेच जमिनीवर बसतो किंवा फार तर नाकात अडकतो. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण मात्र घशाखाली उतरू शकतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. एक मायक्रॉनच्या कणाला अगदी स्थिर हवेतही पाच फूट खाली यायला जवळपास १२ तास लागतात. रात्री आठ वाजता यंत्र बंद करून खोलीला कुलूप लावले, तरी पहाटे त्या खोलीत जाणारा माणूस आदल्या रात्रीचीच धूळ श्वासावाटे घेत असतो. केरसुणी फिरवली की खाली बसलेली बारीक धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते, म्हणजे झाडण्याने खोली स्वच्छ दिसते पण हवा बिघडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आणि त्यात नाकाची पोकळी व तिच्या भोवतालच्या सायनसच्या कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख आहे. हा निष्कर्ष मुख्यतः वर्षानुवर्षे कारखान्यांत काम केलेल्यांच्या अभ्यासांवरून काढलेला आहे. रविवारी चार तास काम करणाऱ्याच्या वाट्याला तेवढी धूळ येत नाही हे खरे. पण लहानशा बंद खोलीत, यंत्राला धूळ ओढण्याची सोय नसताना, त्या चार तासांतील हवा चांगल्या कारखान्यातील हवेपेक्षा वाईट असू शकते. सोलापूरला हा धडा नवा नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये उडणारी कापसाची तूस दिसायला मऊ आणि निरुपद्रवी असते, तरी कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसने गिरणी कामगारांच्या छाती पोखरल्या आहेत. लाकडाच्या धुळीकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

कोणत्या लाकडाची धूळ अधिक त्रासदायक असते?

सागवान आणि शिसव ही दोन्ही लाकडे कितीही देखणी असली तरी त्यांच्या धुळीने अनेकांना त्वचेवर खाज, शिंका आणि दम्यासारखा त्रास होतो, आणि एकदा शरीराला ॲलर्जी जडली की पुढे थोडी धूळही पुरते. कडुनिंबाची धूळ नाकाला व घशाला झोंबते. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) यांत लाकडाखेरीज फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ असते आणि एमडीएफची धूळ तर पिठासारखी बारीक पडते. घरगुती कामात एमडीएफ कापणे हीच धूळ-यंत्रणेची सर्वांत कठीण परीक्षा समजावी.

एक गोष्ट सोलापुरात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुने वाडे उतरवले जातात तेव्हा उत्तम सागवानी तुळया, चौकटी आणि दारे वखारीत स्वस्तात मिळतात. त्यांवर जुन्या तैलरंगाचे थर असतील तर त्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाविषयी कोणतीही खात्री देता येत नाही. असा रंग सँडरने (विजेवर चालणाऱ्या घासयंत्राने) कोरडा घासू नये. तो ओला करून खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावे, निघालेला चुरा त्यातच गुंडाळून टाकावा आणि त्या वेळी घरातील लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर पुरेसा आहे का, की मोठा डस्ट कलेक्टर घ्यावा लागेल?

ही दोन यंत्रे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. व्हॅक्यूम क्लीनर थोडी हवा फार जोराने ओढतो, तर डस्ट कलेक्टर पुष्कळ हवा बेताच्या जोराने ओढतो. ओला-सुका व्हॅक्यूम सुमारे ६० ते ८० इंच पाण्याच्या स्तंभाइतका ताण (ओढीचा जोर) निर्माण करतो. त्यामुळे तो ३५ मिलिमीटरच्या अरुंद होजमधूनही हवा खेचू शकतो, पण ती हवा मिनिटाला शंभर घनफुटांच्या आसपासच असते. डस्ट कलेक्टरचा ब्लोअर जेमतेम ८ ते १२ इंचांचा ताण देतो, मात्र मोठा पाइप मिळाला तर मिनिटाला कित्येकशे घनफूट हवा हलवतो. मिनिटाला किती घनफूट हवा वाहते ते सीएफएम या मापाने सांगितले जाते.

म्हणून सँडर, हातातील कटर मशीन, राउटर (लाकडात खाचा व कडा कोरणारे यंत्र) अशी लहान तोंडाची साधने व्हॅक्यूमला जोडावीत. टेबल सॉ (टेबलातून पाते वर आलेली करवत), रंधा मशीन, बँड सॉ (पट्ट्यासारख्या पात्याची करवत) अशी मोठी यंत्रे डस्ट कलेक्टरला. सँडरच्या लहानशा तोंडाला रिड्यूसर लावून डस्ट कलेक्टर जोडला तर ब्लोअर मोठा आवाज करतो आणि धूळ मात्र जिथल्या तिथे राहते. उलट रंधा मशीनला व्हॅक्यूम जोडला तर ढलप्यांनी होज मिनिटभरात तुंबतो. ज्यांच्याकडे केवळ हातातील साधने आहेत, त्यांनी मोठ्या डस्ट कलेक्टरचा विचारही करू नये. चांगला व्हॅक्यूम, बारीक फिल्टर आणि एक एक्झॉस्ट पंखा एवढ्यावर त्यांचे काम उत्तम चालते.

गालिचा साफ करायचा घरगुती व्हॅक्यूम मात्र या कामाला लावू नये. त्याची पिशवी बारीक धुळीने काही मिनिटांत बसते, मोटरला थंड ठेवणारी हवा अडते आणि मोटर जळते.

डस्ट कलेक्टरच्या पाटीवर १२०० सीएफएम लिहिलेले असते. तेवढी हवा खरोखर मिळते का?

नाही. पाटीवरचा आकडा बहुतेकदा पाइप, फिल्टर, वळणे यांपैकी काहीही न जोडता मोजलेला असतो. पाइप आणि थोडासा मळलेला फिल्टर जोडल्यावर हाती येणारी हवा बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. त्यामुळे २ एचपीच्या यंत्राकडून ६०० ते ७५० आणि १ एचपीच्या यंत्राकडून ३०० ते ४०० सीएफएम धरूनच पुढचा आराखडा करावा. टेबल सॉला साधारण ३५० ते ६००, बारा-तेरा इंची रंधा मशीनला ४०० ते ५०० आणि बँड सॉला ३५० ते ४०० सीएफएम लागतात. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की १ एचपीच्या यंत्रावर एका वेळी एकच मशीन आणि तेही अगदी आखूड पाइपावर चालवावे लागेल, हे आपोआप स्पष्ट होते.

पाइप कोणते आणि किती मापाचे घ्यावेत?

परदेशी माहितीत पत्र्याच्या गोल पाइपांची शिफारस असते आणि ती योग्यही आहे. पण सोलापुरात शेतीच्या व ड्रेनेजच्या पीव्हीसी पाइपांइतके सहज आणि स्वस्त दुसरे काही मिळत नाही. ७५, ११० आणि १६० मिलिमीटरचे पाइप कोणत्याही शेतीसाहित्याच्या दुकानात असतात. पातळ भिंतीचा, सर्वांत कमी दाबाचा पाइप या कामास पुरतो, कारण डस्ट कलेक्टरचा ताण पाण्याच्या दाबाच्या मानाने नगण्य असतो.

माप ठरवताना दोन परस्परविरोधी गोष्टींचा मेळ घालावा लागतो. पाइप अरुंद असेल तर हवा अडते. पाइप फार रुंद असेल तर हवेचा वेग कमी होतो आणि भुसा आडव्या पाइपात बसू लागतो. भुसा वाहता राहण्यासाठी वेग मिनिटाला ४००० फुटांच्या आसपास असावा लागतो. त्या वेगाला ७५ मिलिमीटरच्या पाइपातून सुमारे १६५, ११० मिलिमीटरच्या पाइपातून सुमारे ३६५ आणि १६० मिलिमीटरच्या पाइपातून सुमारे ७८० सीएफएम हवा वाहते. म्हणजे १ एचपीच्या ब्लोअरला ११० चा पाइप योग्य आहे आणि त्याला हौसेने १६० चा लावला तर वेग निम्म्यावर येऊन पाइप आतून भरत जाईल. २ एचपीच्या ब्लोअरला मुख्य पाइप १६० चा असावा. त्याला ११० चा लावला तर ब्लोअरची निम्मी ताकद वाया जाते.

जोडणीत पुढील चुका नेहमी दिसतात. नळकामातील काटकोनी एल्बो हवेला आपटवतो. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड मधे वीतभर सरळ तुकडा ठेवून जोडावेत. फाटा काढताना टी न वापरता हवेच्या प्रवाहाच्या दिशेने झुकलेला वाय (Y आकाराचा जोड) वापरावा. खाचांचा लवचीक होज सरळ पाइपाच्या सुमारे तिप्पट अडथळा करतो, म्हणून तो यंत्राजवळच्या शेवटच्या तीन-चार फुटांपुरताच ठेवावा. सांधे सोल्युशनने कायमचे चिकटवू नयेत. एक लहान स्क्रू आणि ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी, म्हणजे तुंबल्यास पाइप उघडता येतो. ड्रेनेजच्या फिटिंगमध्ये झाकण असलेले बेंड मिळतात आणि ते सफाईसाठी सोयीचे वाटतात. मात्र त्या झाकणाच्या आतल्या कडेला लांब ढलपी अडकते, तिच्यामागे दुसरी अडकते आणि तासाभरात तेथे मूठभर गोळा तयार होतो. असे बेंड रंधा मशीनच्या फाट्यावर तरी लावू नयेत.

फाटे बंद-चालू करण्याच्या सरकत्या झडपा ६ मिलिमीटरच्या प्लायवूडमधून घरीच करता येतात. झडप ज्या खाचेत जाऊन बसते त्या खाचेचे टोक मोकळे सोडावे. ते बंद ठेवले तर खाचेत भुसा ठासत जातो आणि काही दिवसांनी झडप पूर्ण मिटत नाही. मग बंद समजलेल्या फाट्यातून हवा चोरली जाते आणि चालू यंत्रावरची ओढ का कमी झाली ते कळत नाही.

सायक्लोन लावणे आवश्यक आहे का?

सायक्लोनमध्ये हवा गोल फिरते, जड भुसा बाहेरच्या भिंतीला लागून खालच्या पिंपात पडतो आणि हलकी हवा मधल्या नळीतून पुढे जाते. त्यामुळे फिल्टरवर येणारा भार खूपच कमी होतो. व्हॅक्यूमसाठी लहान प्लास्टिकचा सायक्लोन अवश्य घ्यावा; सबंध यंत्रणेत एवढ्या थोड्या पैशांत एवढा मोठा फरक करणारी दुसरी वस्तू नाही. तो रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीच्या झाकणावर बसवता येतो. होज तुंबला की व्हॅक्यूमच्या ताणाने पातळ बादली क्षणात आत चेपते, म्हणून एका बादलीत दुसरी घालून दोन्ही वापराव्यात.

बादली किंवा पिंप पूर्णपणे हवाबंद असले पाहिजे. झाकणाच्या कडेने थोडी जरी हवा आत आली तरी खाली पडलेला भुसा उसळून पुन्हा वर जातो आणि सायक्लोन असून नसल्यासारखा होतो. पिंप दोन-तृतीयांश भरताच रिकामे करावे. मोठ्या ब्लोअरच्या बाबतीत सायक्लोन स्वतःच काही ताण खातो. म्हणून २ एचपी आणि त्यावरील यंत्रालाच तो लावावा.

गाळलेली हवा खोलीतच सोडावी की बाहेर?

सोलापुरात ती बाहेर सोडावी, असे आमचे ठाम मत आहे. थंड देशांत खोली तापवायला पैसे लागतात, त्यामुळे तेथील कारागीर गरम हवा बाहेर घालवायला तयार नसतात आणि महागड्या फिल्टरवर खर्च करून तीच हवा पुन्हा आत घेतात. आपल्याकडे खोली तापवण्याचा प्रश्नच नाही. वर्षातील बहुतेक महिने खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि पाऊसही बेताचा असतो. मग बारीक धूळ गाळण्याची धडपड करण्यापेक्षा ती घराबाहेर घालवणे अधिक खात्रीचे आहे, कारण फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या पट्ट्यातून, शिवणीतून थोडी गळती होतेच. वर दिलेल्या खोलीत १२०० घनफूट हवा मावते. ७०० सीएफएम बाहेर जात असतील तर दर दोन मिनिटांच्या आत खोलीतील हवेइतकी हवा बाहेर पडते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डस्ट कलेक्टरच खोलीबाहेर पडवीत किंवा भिंतीलगत पत्र्याच्या आडोशाला ठेवणे आणि भिंतीतून केवळ पाइप आत आणणे. पिशवीतून गळणारी धूळही बाहेरच राहते आणि आवाजही. सायक्लोन असेल तर पुढचा फिल्टर काढून टाकून हवा पाइपाने बाहेर सोडता येते, आणि फिल्टरचा अडथळा गेल्यामुळे ओढही वाढते. पाइपाचे तोंड खाली वळवावे आणि त्यावर पारव्यांपासून बचावासाठी मोठ्या छिद्रांची जाळी बसवावी. बारीक जाळी भुशाने बंद होते. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून शक्य असेल तर तोंड पूर्वेला काढावे.

बाहेर हवा सोडताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली गोष्ट शेजाऱ्यांची. दाट वस्तीत शेजारच्या गच्चीवर कपडे, कुरडया, मिरच्या वाळत असतात. सायक्लोन नसताना धुळीची हवा त्यांच्या दिशेने सोडणे सर्वथा अयोग्य आहे. अशा ठिकाणी फिल्टर ठेवावा आणि त्याची किंमत मोजावी. दुसरी गोष्ट जिवाची आहे. खोलीतून जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कोठून तरी आत यावी लागते. खिडकी बंद असेल आणि सुतारकामाची खोली घराला आतून जोडलेली असेल, तर ती हवा न्हाणीघरातील गॅस गिझरच्या धुराड्यातून उलटी ओढली जाऊ शकते आणि तिच्याबरोबर वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. ब्लोअर चालू असताना खोलीची बाहेरची खिडकी उघडी, घरात जाणारे दार बंद आणि गॅस गिझर बंद, हा नियम घरातील सर्वांना सांगून ठेवावा.

हवा खोलीतच ठेवणे भाग असेल तर फिल्टर कोणता घ्यावा?

स्वस्त यंत्राबरोबर येणारी कापडी पिशवी बहुतेकदा ३० मायक्रॉनची असते. ती भुसा धरते आणि बारीक धूळ खोलीभर फवारते. अशा पिशवीने हवा पूर्वीपेक्षा वाईट होते. एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण धरणारा घड्यांचा फिल्टर घ्यावा. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर मिळत असेल तर अवश्य लावावा, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. फिल्टर झटकण्याचे काम घराबाहेर आणि मास्क लावूनच करावे.

उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर असतो. कूलर आणि पंखा लावता येईल का?

छताचा पंखा घासकाम चालू असताना बंद ठेवावा. धूळ ओढणाऱ्या तोंडापाशी हवेचा जो प्रवाह असतो तो फार नाजूक असतो आणि पंख्याचा एक झोत तो मोडून टाकतो.

कूलर खोलीच्या आत ठेवला तर तो तीच धुळकट हवा फिरवत राहतो; आठवड्याभरात त्याच्या गवताच्या पडद्यांवर तपकिरी चिखल जमतो, पंप तुंबतो आणि दमट हवेने रंध्याच्या पात्यांवर गंज चढतो. कूलर खिडकीबाहेर बसवला तर मात्र चित्र पालटते. तो बाहेरची हवा आत ढकलतो आणि समोरच्या भिंतीतील एक्झॉस्ट पंखा धुळीची हवा बाहेर काढतो, म्हणजे बाहेर गेलेल्या हवेची भरपाईही झाली आणि गारवाही मिळाला. काम करणाऱ्याने या प्रवाहाला आडवे उभे राहावे; पाठीवर वारा घेऊन उभे राहिल्यास छातीसमोर भोवरा तयार होतो आणि धूळ तोंडाशी घुटमळते. एक्झॉस्ट पंख्याच्या पाटीवर घनमीटर प्रतितास असे माप असते; त्याला १.७ ने भागले की सीएफएम मिळतो.

एप्रिल-मे महिन्यांत घासकाम पहाटे उरकणे हा उपाय यंत्रणेइतकाच उपयोगी आहे, कारण घामाने भिजलेला मास्क कोणीही चेहऱ्यावर ठेवत नाही.

कोणत्या यंत्रापाशी धूळ कशी धरावी?

सबंध यंत्रणेचे यश पाइपाच्या शेवटच्या एका फुटावर ठरते. ओढणाऱ्या तोंडापासून पाइपाच्या व्यासाइतके अंतर गेले की ओढ जवळपास दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून धूळ जेथे जन्मते तेथेच, शक्य तितके जवळ आणि शक्य तितके वेढून तोंड बसवावे.

टेबल सॉमध्ये धूळ दोन जागी निघते. बरीचशी खाली पडते, पण दात वर येताना बारीक धूळ थेट कारागिराच्या चेहऱ्याकडे फेकली जाते. खालची पेटी चारही बाजूंनी बंद करून तिला ११० चा पाइप द्यावा आणि पात्यावरील गार्डला वरून वेगळा होज द्यावा. बंद करताना एका बाजूला दोन बोटे रुंद फट ठेवावी. हवा आत यायला वाट नसेल तर ती भुसा घेऊन बाहेर जाणार नाही. प्लायवूडच्या टेबलाखाली कटर मशीन उलटी बसवून केलेल्या घरगुती टेबल सॉला बहुतेक वेळा गार्डच नसतो. अशा टेबलाला धूळ ओढण्याची सोय करण्याआधी गार्ड आणि रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, कापलेले लाकूड पात्याला आवळू न देणारी पट्टी) बसवावी. बोटे गेल्यावर स्वच्छ हवेचा उपयोग नाही.

मायटर सॉ (लाकूड आडवे किंवा कोनात कापणारी करवत) हे धूळ धरायला सर्वांत अवघड यंत्र आहे. त्याच्या मागच्या लहान नळीतून निम्माही भुसा जात नाही. यंत्राच्या मागे व दोन्ही बाजूंना प्लायवूडचा खोका करून, त्याच्या तळाशी मोठा पाइप जोडला तर बराच फरक पडतो, तरी मास्क चुकत नाही. रंधा मशीनचे काम उलट सोपे आहे: ढलप्या पुष्कळ निघतात पण जड असतात, तेथे केवळ पिंप भरत आले का याकडे लक्ष द्यावे, नाहीतर भरलेल्या पिंपातून सगळे थेट फिल्टरवर जाते.

सँडर दिसायला लहान, पण सर्वांत बारीक आणि म्हणून सर्वांत घातक धूळ तोच तयार करतो. छिद्रे असलेला किंवा जाळीचा पॉलिश पेपर घ्यावा, पेपरची छिद्रे तळव्याच्या छिद्रांवर नेमकी बसवावीत आणि व्हॅक्यूम नेहमी जोडलेला असावा. व्हॅक्यूमची ओढ फार झाली तर सँडर लाकडाला चिकटून गोल ओरखडे काढतो. अशा वेळी होजवरील हवेची झडप थोडी उघडावी. हाताने पॉलिश पेपर घासतानाही धूळ तितकीच बारीक असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हातरंध्याने मात्र लांब सालपटे निघतात आणि हवेत जवळपास काहीच उडत नाही. शेवटचा हात रंध्याने किंवा खरवडपट्टीने मारता आला तर सँडरचे काम कितीतरी कमी होते, आणि सागवानाला जी झळाळी येते ती वेगळीच.

यंत्रणा बसवल्यावरही मास्क लावावा लागतो का?

होय. भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार एफएफपी२ किंवा एन९५ दर्जाचा मास्क घ्यावा. रोजच्या कामासाठी बदलता फिल्टर असलेला रबरी अर्धमुखवटा अधिक सोयीचा आणि अखेर स्वस्त पडतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे बारीक धूळ अडवत नाही. दाढीवर मास्क नीट बसत नाही आणि कडेने हवा आत शिरते. यंत्र बंद केल्यावरही अर्धा तास एक्झॉस्ट चालू ठेवावा आणि तोवर आत जायचे झाल्यास मास्क लावूनच जावे. अंगावरील कपडे कॉम्प्रेसरच्या हवेने झटकू नयेत.

विजेची काय तयारी लागते?

डस्ट कलेक्टर आणि यंत्र एकाच वेळी चालतात, म्हणून दोघांना बोर्डापासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी हवी. सिंगल फेजवरील २ एचपीची मोटर चालताना साधारण १० ते १२ अँपिअर घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट. आधी ब्लोअर, त्याने वेग घेतल्यावर यंत्र, असा क्रम ठेवावा. एक्स्टेन्शन बोर्डावर ही मोटर चालवू नये. मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का ते महावितरणच्या बिलावर पाहावे आणि काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो; अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

पीव्हीसी पाइपात स्थिर विजेमुळे स्फोट होतो, हे खरे आहे का?

घरगुती यंत्रणेत ही भीती वाजवीपेक्षा मोठी केली जाते. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत पाइपाला हात लागल्यावर चटका बसतो हे खरे, आणि दचकून हात पात्याकडे जाणे हा त्यातील खरा धोका आहे. पाइपाभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून ती यंत्राच्या अर्थिंगला जोडली की चटके बरेच कमी होतात.

आगीचा धोका मात्र खरा आहे आणि तो वेगळ्या वाटेने येतो. जुन्या वाड्याच्या लाकडात राहिलेला खिळा पात्याला लागला की ठिणगी उडते, ती पाइपातून भुशाच्या पिंपात जाते आणि तासन्‌तास धुमसत राहून रात्री पेट घेते. जुने लाकूड कापण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. लोखंड घासण्याचा ग्राइंडर त्याच डस्ट कलेक्टरला कधीही जोडू नये. काम संपल्यावर पिंप घराबाहेर रिकामे करावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून भुशात टाकल्यास ती आपोआप तापून पेटतात; ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

यंत्रणा नीट काम करते की नाही, हे कसे ओळखावे?

अंधार पडल्यावर दिवा बंद करून एमडीएफचा एक तुकडा कापावा आणि टॉर्चचा झोत कामाच्या जागेवरून आडवा टाकावा. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत त्या झोतात धुळीचे जे लोट दिसतात, ते कोठून निघतात हे नेमके पाहता येते: बहुतेकदा गार्डच्या पुढच्या कडेतून किंवा टेबलाच्या फटीतून. दुसरी चाचणी उदबत्तीची. खोली झाडून, भुसा बाहेर काढून झाल्यावरच, ब्लोअर चालू ठेवून उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ धरावी. धूर सांध्याकडे वळला तर तेथे गळती आहे. तीच उदबत्ती खिडकीपाशी धरली की हवा खरोखर आत येते आहे का हेही कळते.

पैसे थोडे आहेत. सुरुवात कशाने करावी?

आधी चांगला मास्क, मग एक्झॉस्ट पंखा, मग सायक्लोन लावलेला व्हॅक्यूम. डस्ट कलेक्टर टेबल सॉ किंवा रंधा मशीन घेताना त्याच अंदाजपत्रकात धरावा, मागाहून घेऊ म्हणू नये; ते मागाहून बहुधा होत नाही.

जमलेल्या भुशाचे काय करावे?

साध्या लाकडाचा भुसा शेणात मिसळून खतात घालता येतो, पण तो कुजायला वेळ घेतो आणि कुजताना नत्र खातो, म्हणून कच्चा भुसा थेट कुंडीत घालू नये. भुशाच्या शेगडीतही तो चालतो. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका यांचा किंवा रंगीत लाकडाचा चुरा मात्र जाळू नये, जनावरांखाली अंथरू नये आणि खतातही घालू नये. तो गोणीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यावा. त्यासाठी रंधा मशीनचे पिंप आणि बोर्ड कापतानाचे पिंप सुरुवातीपासूनच वेगळे ठेवावे, कारण एकदा मिसळलेला भुसा निवडता येत नाही.